पडदा नसलेल्या रंगमंचावरची पन्नास मिनिटे : कोल्हापुरातील एका एकांकिका स्पर्धेचा प्रकरण अभ्यास

कोल्हापुरातील एका हौशी एकांकिका स्पर्धेत, २०२४ च्या हिवाळ्यात, परीक्षकांच्या गुणांनुसार पहिल्या आलेल्या संघाला वेळमर्यादा ओलांडल्याच्या कारणावरून बक्षीस समारंभाच्या व्यासपीठावरूनच अपात्र घोषित करण्यात आले. संघाने हरकत घेतली, प्रेक्षागृहात आवाज चढले, समारंभ अर्धवट गुंडाळावा लागला आणि निकाल राखून ठेवण्यात आला. वरवर पाहता हा एक मिनिट आणि काही सेकंदांचा वाद होता. कागदपत्रे, वेळनोंदीचा तक्ता आणि संयोजक मंडळानेच करून घेतलेले चित्रीकरण एकत्र ठेवून पाहिल्यावर मात्र असे दिसते की चूक संघाच्या शिस्तीत नव्हती. मंडळाने स्पर्धा एका वास्तूतून दुसऱ्या वास्तूत नेली, पण नियमपत्रिका जशीच्या तशी उचलून नेली, आणि त्या पत्रिकेतला सर्वांत कडक नियम ज्या वस्तूवर टेकलेला होता ती वस्तू नव्या ठिकाणी वापरातच नव्हती. मंडळाचे, संघांचे आणि व्यक्तींचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण असा प्रसंग हौशी रंगभूमीवरच्या कोणत्याही संयोजकावर येऊ शकतो.

जागा बदलली

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली, खासबाग कुस्ती मैदानाला पाठ लावून उभी असलेली ही वास्तू कोल्हापूरकरांच्या बोलण्यात नुसते ‘केशवराव’ असते. मध्ये एकही खांब न येणारे तिचे प्रेक्षागृह आणि ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा तिथला आवाज यांबद्दल येथे पुन्हा सांगायला नको. या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. राज्य नाट्य स्पर्धेचे कोल्हापूर केंद्र वर्षानुवर्षे तिथे भरत असल्यामुळे शहरातल्या हौशी कलावंताच्या डोक्यात ‘रंगमंच’ म्हटले की तोच रंगमंच उभा राहत असे. नेपथ्याची मापे त्यावरून घेतली जात, विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशातून, मध्यावर यायला किती पावले लागतात हे नटांना तोंडपाठ असे आणि प्रकाशयोजना करणारे कोणता दिवा कुठल्या बारवर हे न विचारता सांगत.

संबंधित मंडळाची स्पर्धाही याच नाट्यगृहात होत असे. ऑगस्टनंतर ती रद्द करावी असा एक मतप्रवाह कार्यकारिणीत होता. परंतु तालमी सुरू झालेल्या, लेखकांची परवानगीपत्रे आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची प्रमाणपत्रे संघांनी मिळवलेली, त्यामुळे स्पर्धा घ्यायचीच असे ठरले आणि शहरातीलच एक लहान सभागृह दोन दिवसांसाठी घेण्यात आले. दोन दिवस, रोज पाच, अशा एकूण दहा एकांकिका. हा निर्णय धाडसाचा होता आणि योग्यही होता. एक वर्ष स्पर्धा चुकली की महाविद्यालयातून नोकरीकडे वळणारी मुले हातातून निसटतात, आणि पुढच्या वर्षी संघ जमवताना पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो.

नवे सभागृह मुळात भाषणे आणि संमेलने यांसाठी बांधलेले होते. रंगमंचाची रुंदी कमी, विंगा अरुंद, आणि मागच्या भिंतीलगत उजव्या विंगेतून डाव्या विंगेत जाण्याची वाट खुर्च्यांच्या थप्प्यांनी अडवलेली. दर्शनी पडदा होता, पण तो दोरीने ओढण्याचा होता आणि चाचणीच्या वेळी दोनदा मध्येच अडकला. म्हणून लॉट्स काढण्याच्या, म्हणजे चिठ्ठ्या टाकून प्रयोगांचा क्रम ठरवण्याच्या, बैठकीत असे ठरले की पडदा वापरायचाच नाही. प्रत्येक एकांकिका अंधारात सुरू होईल आणि अंधारात संपेल. हे तोंडी ठरले. बैठकीच्या इतिवृत्तात त्याचा उल्लेख ‘पडद्याबाबत चर्चा झाली’ एवढाच आहे.

नियमपत्रिकेतला वेळेचा नियम मात्र जुनाच राहिला. एकांकिका कमाल पन्नास मिनिटांची असावी, वेळ पडदा उघडल्यापासून पडदा पडेपर्यंत मोजली जाईल, आणि मर्यादा ओलांडणारा संघ पारितोषिकास पात्र राहणार नाही, असा त्याचा आशय. केशवरावमध्ये या नियमावर कधी शंका निघाली नाही, कारण पडदा सरकू लागला हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसे.

काहिलीची एंट्री

वादात सापडलेली एकांकिका दुसऱ्या दिवशी तिसरी होती. विषय २०१९ च्या महापुराचा. पंचगंगेचे पाणी चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत शिरले तेव्हाच्या एका रात्रीची ही गोष्ट, आणि तिच्या मध्यभागी एक काहील, म्हणजे उसाचा रस उकळण्याची भलीमोठी कढई. गुऱ्हाळघरातली काहील पुरात नावेसारखी वापरून माणसे बाहेर काढण्याची रीत करवीर, पन्हाळा भागातल्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही; पुण्या-मुंबईच्या परीक्षकाला कदाचित लागली असती. खरी काहील रंगमंचावर आणणे शक्य नव्हते. तिचा घेर आणि वजन पाहता ती ट्रॉलीतूनच हलते. संघाने बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून त्यावर पातळ पत्रा ठोकला होता, कडेला चार ठिकाणी लाकडी मुठी बसवल्या होत्या, आणि पत्र्याला आतून काळा रंग देऊन त्यावर गुळाच्या राबेसारखा पिवळट थर चढवला होता. प्रॉपर्टी म्हणून ती वस्तू अव्वल होती. परीक्षकांनीही नेपथ्याच्या रकान्यात तिची खास नोंद केलेली आहे.

सुरुवात अशी बसवली होती : तिसरी घंटा, अंधार, पाण्याचा वाढत जाणारा आवाज, दूरवरून भोंग्यावरची सूचना, आणि मग पहिला प्रकाश पडतो तेव्हा पाच माणसे काहिलीच्या कडेला धरून उभी. तालमीत हा अंधार साधारण चाळीस सेकंदांचा होता. तालमी एका शाळेच्या मोठ्या खोलीत झाल्या होत्या आणि तिथे विंग म्हणजे जमिनीवर खडूने आखलेली रेघ होती. प्रत्यक्ष सभागृहात काहील विंगेतून सरळ जाईना. ती उभी करून, कडेवर फिरवत न्यावी लागली. त्यातच दोन नटांना डावीकडून एंट्री होती आणि मागची वाट बंद असल्याने त्यांना काळोखात रंगमंच ओलांडूनच पलीकडे जावे लागले. काहील जागेवर बसल्याची खूण म्हणून दिग्दर्शकाने आतून टॉर्च एकदा लावून विझवायची असे ठरले होते. ती खूण येईपर्यंत संगीत चालवणाऱ्या मुलाने पाण्याचा आवाज पुन्हा पुन्हा फिरवत ठेवला. प्रेक्षकांना यातले काहीच जाणवले नाही. उलट तो लांबलेला अंधार आणि ते पाणी अंगावर आले, असेच अनेकांनी नंतर सांगितले. चित्रीकरणात हा अंधार १ मिनिट ५० सेकंदांचा भरतो.

संघाला रंगमंचाची ओळख करून घेण्यासाठी सकाळी दहा मिनिटे मिळाली होती. त्या दहा मिनिटांत त्यांनी प्रकाशाच्या जागा पाहिल्या, लेव्हल्स, म्हणजे नेपथ्यातले उंच चौथरे, कुठे लागतील ते पाहिले. काहील तेव्हा टेम्पोतच होती. याला संघाची चूक म्हणता येईल. पण दहा मिनिटांत दहा माणसांनी नेमके काय काय पाहायचे, हाही प्रश्न आहेच.

निकालाची रात्र

परीक्षक तिघे होते, तिघेही जिल्ह्याबाहेरचे. प्रत्येकाकडे शंभर गुण. तिघांची बेरीज केल्यावर महापुराची एकांकिका पहिली आली. दुसऱ्या क्रमांकाच्या संघापेक्षा ती नऊ गुणांनी पुढे होती. परीक्षकांनी गुणपत्रिका बंद पाकिटात दिल्या. वेळेचा तक्ता त्यांच्याकडे नव्हताच, तो लाइट बूथमध्ये बसलेल्या कार्यकर्त्याकडे होता. बेरीज झाल्यावर कार्यवाहांनी तो मागवला आणि त्यात या एकांकिकेसमोर ५१ मिनिटे २० सेकंद अशी नोंद निघाली. मान्यवर पाहुणे येऊन बसलेले, नटराज पूजन आटोपलेले, सूत्रसंचालक माइकवर वेळ काढत असलेला. अशा घाईत पाच-सात मिनिटांत निर्णय झाला आणि तो जाहीरही झाला.

संघाचा दिग्दर्शक व्यासपीठाजवळ येऊन जे बोलला ते या प्रकरणातले सर्वांत नेमके वाक्य आहे : “पडदाच न्हवता सर, मग पडदा उघडल्यापासून म्हंजे कवापासून?” त्याचे उत्तर त्या क्षणी व्यासपीठावरच्या कोणालाही देता आले नाही. ‘नियम सर्वांना सारखा आहे’ असे मात्र दोन-तीनदा सांगितले गेले, आणि पुढे उघड झाले की नेमके तेच खरे नव्हते.

येथे दुसऱ्या क्रमांकाच्या संघाची बाजूही मांडली पाहिजे, कारण अशा वादांत ती नेहमी झाकली जाते. त्यांची एकांकिका ४४ मिनिटांत संपली होती. मूळ संहिता तासाभराची होती आणि मर्यादेत बसवण्यासाठी त्यांनी दोन प्रवेश कापले होते. त्यातल्या एका प्रवेशात काम करणारी मुलगी त्यामुळे संघातूनच बाहेर पडली होती. त्यांच्या दिग्दर्शिकेचे म्हणणे असे की आम्ही वेळेसाठी किंमत मोजली, दुसऱ्यांनी मोजली नाही, आणि तरी मर्यादा पाळण्याला काहीच अर्थ नसेल तर ती छापता कशाला. हे म्हणणे खोडून काढता येण्यासारखे नाही. वेळेचा नियम हा संयोजकांच्या सोयीपुरता नसतो. एका दिवसात पाच प्रयोग, सभागृहाचे भाडे सत्रावर, प्रकाशसाहित्य दिवसाच्या भाड्यावर, आणि गडहिंग्लज किंवा इचलकरंजीहून आलेल्या संघांना रात्री परतायचे. ही सगळी गणिते त्या पन्नास मिनिटांवर उभी असतात हे खरेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्वांनी एकाच मापात आपली गोष्ट सांगायची ही स्पर्धेची अट असते.

दोन घड्याळे

निकाल राखून ठेवल्यानंतर मंडळाने तीन ज्येष्ठ सभासदांना चौकशी करायला सांगितले. त्यांनी दहाही एकांकिकांचे चित्रीकरण पाहिले आणि वेळेचा तक्ता ताडून पाहिला. त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या.

परीक्षकांच्या टेबलाजवळ बसलेल्या एका कार्यकर्तीनेही स्वतःच्या मोबाइलवर वेळ धरली होती. तिच्याकडे महापुराच्या एकांकिकेची वेळ ४९ मिनिटे ३० सेकंद होती. बूथमधले घड्याळ तिसऱ्या घंटेला सुरू झाले होते, तिचे पहिला प्रकाश पडल्यावर. दोघांनीही आपापल्या परीने प्रामाणिक नोंद केली होती आणि दोघांतला फरक म्हणजे तोच अंधार, सेकंदासह.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. बूथमध्ये दोन्ही दिवस एकच माणूस नव्हता. पहिल्या दिवशी बसलेला कार्यकर्ता राज्य नाट्य स्पर्धेत वावरलेला. पडद्याच्या जागी आता प्रकाश आहे असे त्याने गृहीत धरले आणि पहिल्या प्रकाशापासून वेळ मोजली. दुसऱ्या दिवशी बसलेला तरुण शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवांत घडलेला. विद्यापीठांच्या महोत्सवांमध्ये एकांकिकेला तीस मिनिटे असतात आणि वेळ संकेत मिळाल्यापासून किंवा संघाने आपला परिचय सुरू केल्यापासून मोजली जाते. ‘रिकाम्या रंगमंचापासून रिकाम्या रंगमंचापर्यंत’ हे सूत्र तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते. त्या सवयीने त्याने घंटेला घड्याळ दाबले. दोघांनाही कोणी काही सांगितले नव्हते, आणि दोघांनी एकमेकांना विचारण्याचे कारणही नव्हते. एकाच स्पर्धेत पहिल्या दिवशीच्या पाच संघांना एक माप आणि दुसऱ्या दिवशीच्या पाच संघांना दुसरे माप लागले.

तिसरी गोष्ट यातूनच निघाली. गुणांनुसार तिसऱ्या आलेल्या संघाचा प्रयोग पहिल्या दिवशी झाला होता आणि तक्त्यात त्याची वेळ ४९ मिनिटे ४० सेकंद होती. त्या एकांकिकेच्या आरंभी काळोखात ढोलकीचा एक तुकडा होता, जवळपास एक मिनिटाचा. दुसऱ्या दिवशीच्या मापाने तीही मर्यादेबाहेर जात होती. तिला मात्र व्यासपीठावरून कोणी अपात्र ठरवले नव्हते. तिचे स्मृतिचिन्ह तर नाव कोरून तयार होते.

निर्णय आणि त्यावरचे मत

चौकशी करणाऱ्या तिघांपुढे चार वाटा होत्या. एक, जाहीर झालेली अपात्रता कायम ठेवणे. दोन, परीक्षकांचा निकाल जसाच्या तसा मान्य करणे. तीन, दहाही एकांकिकांची वेळ चित्रीकरणावरून नव्याने, एकाच मापाने मोजणे. चार, पहिल्या दोन संघांत प्रथम पारितोषिक विभागून देणे.

तिसरी वाट दिसायला सर्वांत न्याय्य, पण तिच्यात मोठी खोट होती. कोणते माप लावायचे हे ठरवतानाच कोण बाद होणार हेही ठरणार होते, कारण निकाल आता सर्वांना ठाऊक होता. पहिल्या प्रकाशाचे माप घेतले तर कोणीच बाद होत नव्हते. घंटेचे घेतले तर पहिला आणि तिसरा, दोन्ही संघ जात होते. खेळ संपल्यावर माप निवडणे म्हणजे विजेता निवडणेच होय. ही वाट त्यांनी सोडली ते बरेच झाले.

शेवटी मंडळाने चौथी वाट धरली. प्रथम पारितोषिक विभागून, तृतीय क्रमांक कायम, आणि संबंधित संघाला झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगिरीचे पत्र. मराठी स्पर्धाविश्वात ‘विभागून’ हा शब्द फार कामाचा आहे. गुण सारखे पडले की तो योग्यच असतो. या प्रकरणात गुण सारखे नव्हते. नऊ गुणांचा फरक होता. विभागून दिल्याने महापुराच्या संघाला असे वाटले की आपल्यावरचा ठपका अर्धा तसाच राहिला, आणि दुसऱ्या संघाला असे वाटले की आपल्याला मिळालेला अर्धा क्रमांक गुणांनी मिळालेला नाही. तो घेताना त्यांची दिग्दर्शिका व्यासपीठावर आलीच नाही, संघातल्या सर्वांत लहान मुलाला पाठवले.

माझ्या मते दुसरी वाटच बरोबर होती. पारितोषिकास अपात्र ठरवणे ही स्पर्धेतली सर्वांत मोठी शिक्षा. ती देण्यासाठी नियम असा हवा की वेळ कुठून सुरू होते याबद्दल संघ, वेळ धरणारा आणि परीक्षक यांना प्रयोगापूर्वीच सारखी कल्पना असेल. येथे खुद्द मंडळाच्या दोन माणसांना ती नव्हती. मोजण्याचा आरंभबिंदूच अनिश्चित असताना संशयाचा फायदा संघाला द्यायला हवा होता. वेळेचे बंधन पाळणाऱ्या संघाची तक्रार खरी असली, तरी तिचे उत्तर पुढच्या वर्षीच्या नियमात द्यायचे असते. या वर्षीच्या निकालात नव्हे.

अधिकाराचा प्रश्नही यात आहे. गुणवत्तेबद्दलचा शब्द परीक्षकांचा, व्यवस्थेबद्दलचा संयोजकांचा, ही वाटणी सर्वसाधारणपणे मान्य असते. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी एकाही संघाला करंडकास पात्र ठरवले नाही. त्यावर उलटसुलट पुष्कळ बोलले गेले, पण गुणवत्तेचा निर्णय परीक्षकांचा आणि संयोजकांनी तो पाळायचा, ही चौकट तिथे मोडली नाही. कोल्हापूरच्या प्रकरणात वेळेचा निर्णय संयोजकांचा होता हे खरे, परंतु तो घेताना तिन्ही परीक्षक त्याच इमारतीत, चहाच्या टेबलाशी बसलेले असूनही त्यांना साधे विचारलेही गेले नाही. विचारले असते, तर त्यांच्या शेजारी बसून वेळ धरणाऱ्या कार्यकर्तीचा आकडा तिथल्या तिथे पुढे आला असता आणि माइकवर घोषणा झालीच नसती.

पुढच्या वर्षीचा नियम

मंडळाने वेळेचा नियम नव्याने लिहिला. तो लिहिताना पडदा, रंगमंचावरचा प्रकाश, घंटा यांपैकी कशावरही तो अवलंबून राहू नये हे पाहिले गेले. आता वेळ प्रेक्षागृहातले दिवे बंद झाल्यापासून सुरू होते आणि ते पुन्हा लागल्यावर संपते. हे दिवे संघाच्या हातात नसतात, सभागृहाच्या कर्मचाऱ्याच्या हातात असतात, आणि कोणत्याही सभागृहात ते असतातच. शेवटचा नमस्कार वेळेत धरला जात नाही. घड्याळे दोन असतात, दोन्ही नोंदी प्रयोग संपताच लिहिल्या जातात आणि त्यावर संघप्रमुखाची सही घेतली जाते. पंचेचाळिसाव्या मिनिटाला बूथमधून विंगेकडे लाल दिवा दाखवला जातो.

अपात्रतेची तलवारही मंडळाने म्यान केली आहे, पुरती नव्हे. मर्यादेपलीकडच्या प्रत्येक सुरू झालेल्या मिनिटाला प्रत्येक परीक्षकाच्या गुणांतून एक गुण वजा होतो आणि पाच मिनिटांहून अधिक वेळ झाल्यासच संघ बाद होतो. हाच नियम मागे नेऊन लावून पाहिला, तर महापुराच्या एकांकिकेचे घंटेच्या कडक मापानेही दोन मिनिटांचे मिळून सहा गुण गेले असते आणि ती तरीही तीन गुणांनी पहिली राहिली असती. दुसऱ्या संघाला मात्र आपण वेळ पाळल्याचे काहीतरी पदरात पडल्याचे समाधान मिळाले असते, आणि फरक तीन गुणांचा दिसला असता तर कदाचित वादाची धारही बोथट झाली असती.

रंगमंचाच्या ओळखीसाठी दिलेली दहा मिनिटे वाढवून वीस केली आहेत, आणि त्या वेळेत सर्वांत मोठी प्रॉपर्टी एकदा विंगेतून आत-बाहेर करून दाखवणे बंधनकारक केले आहे. काही संघांनी याला नाके मुरडली. प्रवेशअर्जासोबत सभागृहाचा मापांसह नकाशा देण्याची सूचनाही चौकशी करणाऱ्या तिघांनी केली होती. विंगेची रुंदी, मागची वाट आणि दारांची उंची त्यात असावी, असे त्यांनी लिहून दिले होते. ती अजून अमलात आलेली नाही. नकाशा करायचा कोणी, यावर दोन बैठका झाल्या आहेत, आणि मागच्या वाटेतल्या खुर्च्यांच्या थप्प्या हलवून घेण्याबद्दल सभागृहाच्या व्यवस्थापनाला पत्र गेले आहे.